डावी मारते

खडकीच्या जुन्या गोदामात साडेदहाला चहा आला,
मग केकी भरडा आले,
मग टेबलावर त्यांची लाकडी हातोडी.
चौदा थ्री-नॉट-थ्री भिंतीला टेकून उभ्या,
शाळा सुटल्यावर विसरलेल्या छत्र्यांसारख्या.

नळीत वेल्डिंग. पिन काढलेली.
प्रत्येकीच्या ट्रिगरला सुतळीने बांधलेला दाखला
की ही आता बंदूक नाही.
शिक्का गोल, सही तिरकी.
बाबा असते तर म्हणाले असते,
यापेक्षा माणसाला बरं, निदान पेन्शन मिळते.

बाबा म्हणजे भिकाजी लोणकर, आर्मोरर.
घरी आले तरी बोटांना तेलाचा वास,
वरणभातात उतरायचा तो.
आई बोलायची नाही,
पानात लिंबाची फोड एक जास्त वाढायची.
नळी पुसायच्या दोरीला बाबा फुलतुरा म्हणत,
आणि मी चौथीत जाईपर्यंत समजत होते
की बंदुकीलाही माळायला काहीतरी लागतं.

हातून गेलेल्या प्रत्येक रायफलीच्या
दस्त्याच्या टोकाला जे पितळी झाकण असतं
त्याच्या आतल्या बाजूला
ते तीन टिंबं ठोकायचे.
कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघणारही नव्हतं.

ती बघायला मी आले होते,
मुदतठेव मोडून, पासष्ट हजार पर्समध्ये,
पर्स पोटाशी.
पण झाकण उघडायचं नाही, असा नियम.
माल जसा आहे, जिथे आहे.
आणि बोली एकेकीची नव्हे,
चौदाचा मिळून एकच लॉट.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.
तरी हात वर केला.
"पासष्ट."
भरडांनी चष्म्यावरून पाहिलं.
"बाय, चौदाचे, का एकीचे?"
मागच्या खुर्च्या हसल्या. मीही हसले,
दुसरं काय करणार.

चार लाख दहाला घेतल्या नीरव ओसवालने.
बाणेरला हॉटेल काढतोय, नाव ठरलंय 'छावणी',
बारच्या मागच्या भिंतीवर चौदा बसतात,
माप घेऊनच आला होता.
मी सांगितलं त्याला. सगळं नाही, टिंबांपुरतं.
त्याने टेम्पोवाल्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून दिला
आणि फोनवर टाइल्सबद्दल बोलत राहिला.

पहिलीत काही नाही.
दुसरीत वाळलेलं झुरळ.
मग नुसता गंज, गंज,
एकीत तेलाची पितळी कुपी, बूच नसलेली,
नाकाशी धरली आणि
क्षणभर मला काही दिसेना.
एकीत विडीचं थोटूक. ड्यूटीवर ओढलेली असणार, लपवून.

अकरावीत फडक्याची घडी,
घडीत वहीचा चतकोर.
पेन्सिल. शिरोरेघ न मारता, घाईने:
डावी मारते. उजवा धर.

कुणी लिहिलं असेल? कुठल्या चौकीत?
पुढच्या पाळीला येणाऱ्या
तोंड न पाहिलेल्या शिपायाला
एवढंच द्यायला होतं त्याच्याकडे.
आणि तो पुढचा? त्याने उघडलंच नसेल झाकण,
घडी तर अजून कडक होती.

चौदाही झाल्या. टिंबं नव्हती.
एकीवरही नव्हती.
बाबांच्या रायफली दुसरीकडे कुठे असतील,
किंवा वितळून कशाच्या तरी बिजागऱ्या झाल्या असतील,
किंवा मीच टिंबं तीन ऐकली, सांगितली वेगळीच असतील.
आता कोणाला विचारू.

चिठ्ठी होती तशी घडी करून आत ठेवली.
माझी नव्हती ती.
"भिंतीवर लावाल तेव्हा," मी ओसवालला म्हटलं,
"ही, अकरावी, जराशी उजवीकडे."
का ते विचारलं नाही त्याने.
मोबाइलमध्ये लिहून घेतलं,
आणि टेम्पो औंध रोडला लागला.

रिकामी कुपी तेवढी त्याने मला दिली,
वर म्हणाला, हिचं काय करणार मी.

रात्री पान वाढून घेतलं.
हात नुसते पुसले होते.
लिंबू घेतलं नाही.